ताणलेल्या अंगावर हळू हात

गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘मला ताण आहे’ असं सांगत सहसा कोणी येत नाही. लोक येतात ते मान अवघडली म्हणून, डोकं जड पडलं म्हणून, पाठ भरून आली म्हणून. “काही नाही जी, नुसतं अंग दुखते. झोप नाही लागत. जीव घाबरल्यासारखा होते.” दुखण्याची गोळी मिळते, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. सांगणारा माणूस काही लपवत नसतो. त्याला खरंच तिथेच दुखत असतं. काळजी मनात सुरू झाली तरी मुक्कामाला येते ती खांद्यात, मानेत, जबड्यात, पोटात.

म्हणून अंगाच्याच वाटेने ती थोडी उतरवताही येते. शहरात त्यासाठी वेगवेगळ्या नावांच्या थेरपी आहेत, सुगंधी खोल्या आहेत आणि त्यांचे दरही आहेत. खेड्यात त्यातलं काही नाही, आणि माझ्या मते त्यावाचून फारसं अडतही नाही. लागतो तो ओळखीचा, विश्वासाचा, न घाई करणारा हात. तो का काम करतो, कितपत करतो आणि कुठे त्याने काहीच होणार नाही, हे नीट समजून घेतलं तर घरातल्या घरात बरंच करता येतं.

अंगात ताण बसतो म्हणजे काय होतं

रात्री जागलीला गेलेल्या माणसाला तुरीत रानडुकरांचा कळप शिरल्याची खसखस ऐकू येते. एका क्षणात त्याचं शरीर बदलतं. हृदय जोरात चालतं, श्वास छातीतच वरच्या वर होतो, पोटाकडचं रक्त हातापायांकडे वळतं, खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५च्या सुमारास या तयारीचं वर्णन ‘लढा किंवा पळा’ असं केलं. आधी अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक (हार्मोन) काही सेकंदांत रक्तात उतरतं. मागोमाग कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं संप्रेरक वाढतं आणि अंगातली साठवलेली साखर वापरायला मोकळी करतं. डुकरं पळाली की उलटा कारभार सुरू होतो. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा मोठा चेतातंतू हृदयाची गती खाली आणतो, पचन पुन्हा चालू होतं, स्नायू सैल पडतात.

ही रचना उत्तम आहे, पण ती येऊन जाणाऱ्या धोक्यांसाठी आहे. डुकरं येतात आणि जातात. सोसायटीचा हप्ता जात नाही. पेरणीनंतर पावसाने दिलेली उघडीप, बोंडात शिरलेली गुलाबी अळी, सोयाबीनचा ढीग लागल्यावर कोसळणारा पाऊस, पोरीचं लग्न, मध्यरात्री येणारी मोटारीची लाईन, यातलं काहीच लढून किंवा पळून संपत नाही. मग शरीर महिनोन् महिने अर्धवट तयारीत उभं राहतं. स्नायू पूर्ण आवळलेलेही नसतात आणि पूर्ण सुटलेलेही नसतात. अशा स्नायूंत दुखायला लागतं, आणि दुखणं हा मेंदूसाठी पुन्हा धोक्याचाच निरोप असतो. मेंदू अंगाला सावध ठेवतो, आणि सावध अंग मेंदूला झोपू देत नाही.

शेतातल्या कामाने यात भर पडते. फवारणीचा पंप १६ लिटरचा असतो. भरला की त्यातलं पाणीच १६ किलोचं, पंपाचं वजन वेगळं, आणि त्याचे पट्टे मान आणि खांदा यांमधल्या नेमक्या त्या स्नायूवर रुततात, जिथे काळजीनेही ताठपणा येतो. निंदणाला बसलेल्या किंवा कापूस वेचायला वाकलेल्या बाईची कंबर आणि मान दिवसभर एकाच ठेवणीत असते, आणि वेचणीची मजुरी किलोवर असल्यामुळे थांबायची सोय नसते. त्यामुळे दुखणं कष्टाचं की काळजीचं, हे तिचं तिलाही सांगता येत नाही. एक ढोबळ खूण मात्र सांगता येते. कष्टाचं दुखणं रात्रीच्या झोपेने बरंचसं हलकं होतं. पहाटे उठल्यावरच दात आवळलेले असतील, खांदे जड असतील, आणि कामाचा खाडा असलेल्या दिवशीही तेच असेल, तर त्यात काळजीचा वाटा मोठा असण्याची शक्यता जास्त.

कातडीला हात कळतो तो कसा

कातडीत स्पर्श ओळखणारे तंतू एकाच जातीचे नसतात. एक जात अतिशय वेगवान आहे. काटा टोचला, माशी बसली, विळा हातातून निसटतोय, हे ती झटक्यात कळवते. दुसरी जात फार सावकाश आहे. तिला सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. तिचा निरोप सेकंदाला साधारण एक मीटर इतक्याच वेगाने जातो, म्हणजे पायावरून मेंदूपर्यंत पोहोचायला एक-दोन सेकंद लागतात. काय लागलं, कुठे लागलं, हे ती नीट सांगतही नाही. ती सांगते ते एवढंच, की हा स्पर्श बरा आहे.

हे तंतू माणसांत असतात आणि ते काय करतात, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी गेल्या तीसेक वर्षांत उलगडलं. आजारामुळे वेगवान तंतू गमावलेली एक बाई त्यांना भेटली. तिला कातडीवर काही लागलेलं जवळजवळ कळत नसे. तरी तिच्या हातावरून मऊ ब्रश सावकाश फिरवल्यावर तिला काहीतरी सुखद, अंधुकसं जाणवायचं. २००२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्या प्रयोगांत या तंतूंची आवड आणखी स्पष्ट झाली. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणारा स्पर्श त्यांना सर्वांत जास्त जागवतो, त्यातही ३ सेंटिमीटरच्या आसपासचा, आणि स्पर्श करणारी वस्तू कातडीइतकीच कोमट, म्हणजे ३२ अंशांच्या जवळपास असली तर अधिक.

हे आकडे हातात उतरवून पाहा. मनगटापासून कोपरापर्यंत साधारण २५ सेंटिमीटर भरतात. ३ सेंटिमीटरच्या वेगाने तेवढं अंतर कापायला हाताला आठेक सेकंद लागले पाहिजेत. एकदा मनात आठ मोजत कोणाच्या तरी हातावरून तळहात फिरवा, म्हणजे आपण एरवी किती घाईत चोळतो ते कळेल. हळू हात म्हणजे किती हळू, याचं उत्तर हे आहे.

हे तंतू प्रामुख्याने केस असलेल्या कातडीत असतात: पाठ, दंड, हाताची वरची बाजू, डोकं, कपाळ. तळहातात ते फारच थोडे. समाधानाची गोष्ट अशी, की ते ज्याच्या अंगावरून हात फिरतो त्याच्या कातडीत असावे लागतात. हात फिरवणाऱ्याचा तळवा विळ्या-फावड्याने राकट झालेला असला तरी काही बिघडत नाही. फार खरखरीत लागत असेल तर थोडं तेल घ्यावं.

दाबाविषयी एक गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. काही जण म्हणतात, जोरात रगडल्याशिवाय अंग मोकळं होत नाही. काही जण इतका हलका हात लावतात की गुदगुल्या होतात. दोन्ही नको. मालीशवर अनेक वर्षं काम करणाऱ्या मायामीच्या संशोधकांना असं दिसलं, की मध्यम दाबाने हृदय शांत होण्याच्या खुणा दिसतात, तर अगदी वरवरच्या दाबाने शरीर उलट सावध होतं. मध्यम म्हणजे किती, हे सांगायला आपल्याकडे सोपं माप आहे. झाडावरचं संत्रं पिकलं का, हे आपण अंगठ्याने जितकं दाबून पाहतो, तितकंच. त्याने साल फुटत नाही आणि आतला मऊपणा कळतो.

दुखऱ्या जागी आपण आपोआप हात चोळतो, त्यालाही कारण आहे. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं, की पाठीच्या कण्यात जणू एक दार असतं आणि स्पर्शाचे निरोप तिथे गर्दी करून दुखण्याच्या निरोपांना अडवतात. त्या मांडणीत पुढे दुरुस्त्या झाल्या, मूळ विचार टिकला.

अभ्यास काय म्हणतात

मालीशच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असतं: कॉर्टिसोल निम्म्याने उतरतं, अंगातली विषं बाहेर पडतात. विषं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, पाठ चोळून ती निघत नाहीत. कॉर्टिसोलचीही गोष्ट तशीच आहे. २०११ साली जुन्या अभ्यासांची फेरतपासणी झाली, तेव्हा मालीशमुळे कॉर्टिसोलवर होणारा परिणाम फारच लहान निघाला.

तरी मालीशचा उपयोग नाही असं त्यातून ठरत नाही. त्याच संशोधकांपैकी काहींनी २००४ साली ३७ अभ्यास एकत्र तपासले होते. एकदा मालीश झाल्यावर त्या वेळची घबराट, रक्तदाब आणि हृदयाची गती थोडी खाली आलेली दिसली. अनेक वेळा मालीश घेतलेल्यांत कायमची चिंता आणि उदासी यांतही फरक पडला. म्हणजे माणसाला बरं वाटतं हे खरं, फक्त ते कॉर्टिसोलच्याच वाटेने होतं असं नाही.

मला सर्वांत उपयोगाचा वाटतो तो २०२४चा मोठा आढावा. स्पर्शावरच्या २००हून अधिक अभ्यासांतून सुमारे १३ हजार माणसांची माहिती त्यात एकत्र केली होती. दुखणं, चिंता, उदासी यांत स्पर्शाने फायदा दिसला. एक वेळचा स्पर्श किती लांब होता याला फार महत्त्व नव्हतं. तो पुन्हा पुन्हा मिळतो का, याला होतं. मोठ्या माणसांच्या बाबतीत स्पर्श करणारा घरचा की शिकलेला परका, यानेही फारसा फरक पडला नाही. तान्ह्या बाळांना मात्र आई-बापाचाच हात जास्त मानवला. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. महिन्यातून एकदा तालुक्याला जाऊन तासभराची मालीश घेण्यापेक्षा घरी दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं हात फिरवून घेतलेले बरे.

हात नुसता धरून ठेवण्यातही बळ असतं. २००६ साली अमेरिकेत १६ विवाहित बायकांवर एक प्रयोग झाला. विजेचा हलका झटका बसणार आहे असं त्यांना सांगितलं होतं आणि मेंदूचं चित्रण चालू होतं. कोणाचाच हात हातात नसताना मेंदूतले धोक्याचे भाग सर्वांत जास्त पेटलेले दिसले, अनोळखी माणसाचा हात धरल्यावर कमी, नवऱ्याचा धरल्यावर त्याहून कमी. आणि ज्यांचा संसार अधिक सुखाचा होता, त्यांच्यात ही शांतता अधिक होती.

कवटीच्या हाडांची लय ओळखून ती सुधारतो, शरीरातली ऊर्जा वळवतो, अशा दाव्यांच्या काही हलक्या हाताच्या थेरपीही आहेत. कवटीच्या लयीचा दावा तपासणीत टिकलेला नाही. त्या थेरपीत कोणाला बरं वाटत असेल तर ते बहुधा शांत खोलीने, सावकाश हाताने आणि कोणीतरी आपल्याकडे पूर्ण लक्ष देत असल्याने. या तिन्ही गोष्टी घरी आणता येतात.

आपल्याकडे हे होतंच

पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात बैलांची खांदमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला खांदा कोमट पाण्याने शेकतात, हळद आणि लोणी किंवा तूप लावून हळूहळू मळतात आणि म्हणतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” बाळंतिणीला सव्वा महिना तेल लावतात. बाळाला रोज लावतात. उन्हाळ्यात तळपायांची आग होते तेव्हा तूप लावून काशाच्या वाटीने पाय घासायची रीत अजून कितीतरी घरांत आहे. वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात रोजच्या अभ्यंगाबद्दल, म्हणजे अंगाला तेल लावण्याबद्दल, लिहिताना डोकं, कान आणि पाय यांना तेल विशेष करून लावायला सांगितलं आहे, आणि अजीर्ण झालेल्याने अभ्यंग टाळावा असंही तिथेच म्हटलं आहे.

म्हणजे स्पर्शाचं शहाणपण गावाला कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. पण ते कोणाच्या वाट्याला येतं हे पाहिलं की मला वाईट वाटतं. बैलाला वर्षातून एकदा, बाळाला काही महिने, बाईला बाळंतपणात. एरवी सून सासूचे पाय चेपते, सासऱ्यांच्या डोक्याला तेल लावते, नवऱ्याची पाठ दाबून देते, आणि तिची मान दुखत असेल तर ती स्वतःच ओढणी कपाळाला घट्ट बांधून कामाला लागते. पुरुषाचं दुसऱ्या टोकाने तेच. न्हाव्याकडे दाढीनंतर मिळणारी दोन मिनिटांची चंपी, एवढाच काय तो मायेचा हात. मोठ्या झालेल्या मुलाच्या पाठीवर बाप हात ठेवत नाही, कारण तसं करायची सवयच मोडलेली असते. कर्त्या माणसाला कोणी स्पर्श करायचा, याची आपल्या घरांत जागाच उरलेली नाही, आणि ताण सर्वांत जास्त त्याच माणसावर असतो.

शिवाय कर्तव्य म्हणून चेपलेल्या पायांनी चेपणारीचा ताण वाढतोच. म्हणून पाळी लावावी, आज हिने त्याला, परवा त्याने हिला. जावा-जावा, बहिणी-बहिणी, माय-लेकी, मित्र-मित्र, जी जोडी सोयीची असेल ती. ज्याला नको आहे त्याच्यावर लादू नये. नकोसा हात शरीराला सावधच करतो, मग तो कितीही हळू असो.

प्रत्यक्षात कसं करायचं

संध्याकाळी आंघोळ झाल्यावरची वेळ चांगली. जेवण होऊन निदान तास-दीड तास झालेला असावा, किंवा जेवणाआधीच उरकावं. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. ज्याला मालीश करायची त्याने स्टुलावर किंवा खालीच बसून पुढच्या खाटेवर हात आणि डोकं टेकवावं. पाठीवर कपडा असला तरी चालतं. तेल घ्यायचं तर तिळाचं किंवा खोबरेल, थंडीत कोमट करून. तेलात औषध असावंच असं नाही, हात सरकायला ते लागतं.

सुरुवात हलवण्याने करू नका. दोन्ही तळहात त्याच्या दोन्ही खांद्यांवर ठेवा आणि थांबा. पाच-सहा श्वास नुसते थांबा. या भागात लोकांना अवघडल्यासारखं होतं आणि ते लगेच चोळायला लागतात, पण माझ्या मते सगळ्या मालीशमधला हाच भाग सर्वांत मोलाचा. खांदे किती वर चढले आहेत हे ज्याचं त्याला त्या हातांच्या वजनाखाली पहिल्यांदा कळतं, आणि न सांगता ते थोडे खाली येतात.

मग मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत आणि तिथून कोपरापर्यंत दोन्ही हात एकदम, आठ-आठ मोजत खाली आणा. असं काही वेळा. त्यानंतर पाठ. कण्याच्या हाडावर दाब द्यायचा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना जे लांब स्नायू असतात त्यांवरून तळहात कमरेपर्यंत न्यायचा आणि बाहेरच्या बाजूने हलकेच वर आणायचा. कुठे गाठीसारखं कठीण लागलं तर ते फोडायच्या मागे लागू नका. तिथे तळहात ठेवून तीन-चार श्वास थांबा आणि पुढे जा. मध्ये मध्ये विचारा, “दाब जास्त होऊन रायला का?” उत्तर ‘नाही’ आलं तरी चेहरा पाहा. भिडस्त माणूस दुखलं तरी सांगत नाही.

डोक्याला बोटांची पेरं लावून कातडी कवटीवर सरकेल असं फिरवा, केस ओढू नका. कपाळावर मधून कानशिलाकडे अंगठे सावकाश न्या. कानाच्या पुढे, जिथे दात आवळल्यावर फुगवटा येतो, तो जबड्याचा स्नायू. ताणात राहणाऱ्यांचा तो दगडासारखा असतो. समोरच्याला तोंड किंचित उघडं ठेवायला सांगा आणि दोन बोटांनी अगदी हलके गोल फिरवा. शेवटी तळपाय, काशाची वाटी असेल तर वाटीने. पुन्हा खांद्यांवर हात ठेवून थांबा आणि मग हात काढा, एकदम झटक्याने नको.

या सगळ्यात ज्याचं अंग मोकळं करतोय त्याचा श्वास हीच खूण. तो मध्येच एक लांब उसासा टाकतो, पोटात गुडगुड होते, जांभई येते. पचन पुन्हा चालू झाल्याचे आणि शरीर सैल पडत असल्याचे हे निरोप आहेत. श्वास सोडायला घ्यायच्या श्वासापेक्षा जास्त वेळ द्यायला सांगितलं, मिनिटाला साधारण सहा श्वास होतील असं, तर हृदय आणखी लवकर शांत होतं.

घरात दुसरं कोणी नसेल, किंवा अंगाला हात लावून घेणं नको वाटत असेल, तरी आपला हात आपल्याला आहेच. फ्रँकफर्टमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना ताणाच्या परीक्षेआधी एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवून २० सेकंद शांत राहायला सांगितलं होतं. पुढे त्यांचं कॉर्टिसोल इतरांपेक्षा कमी वाढलं. बँकेत साहेबांसमोर जाण्याआधी किंवा बाजार समितीत भाव पुकारला जाताना हे कोणाच्या लक्षातही न येता करता येतं. दुसरा उपाय स्नायू मुद्दाम आवळून सोडण्याचा आहे. एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी तो बसवला. मुठी पाच सेकंद घट्ट आवळायच्या, मग एकदम सोडून पंधरा सेकंद सैल पडू द्यायच्या, आणि असंच खांदे, कपाळ, पोट, पाय. खाटेवर पडल्या पडल्या करून पाहावं, झोपेला मदत होते.

इथे हात लावायचा नाही

हा भाग लक्ष देऊन वाचावा ही माझी विनंती.

फवारणी करून आलेल्या माणसाच्या अंगाला आधी तेल लावू नका. अनेक कीटकनाशकं कातडीतून अंगात जातात. आधी कपडे बदलून साबणाने स्वच्छ आंघोळ, मग बाकीचं. आणि डोकं दुखणं, मळमळ, दरदरून घाम, लाळ सुटणं, डोळ्यांपुढे धूसर होणं, बाहुल्या बारीक होणं, हात थरथरणं यातलं काही असेल तर तो थकवा नाही आणि ताणही नाही. विषबाधा आहे. फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नये.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात. त्यांच्या हाडा-सांध्यांत येणारी जोराची कळ म्हणजे बारीक रक्तवाहिन्या अडल्याची खूण असते. तिला वात समजून रगडत बसलं की वेळ जातो. पाणी पाजावं, अंग गरम ठेवावं, डॉक्टरांकडे न्यावं. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणं असेल तर आत रक्ताची गाठ असू शकते. ती चोळल्याने सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताप, जखम, कातडीचा संसर्ग, हाड मोडल्याची शंका, गरोदर बाईचं पोट, यांनाही हात लावू नका. छातीत दडपण येऊन घाम फुटला आणि कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर पाठ चोळत बसू नका, १०८ला फोन लावा. मे महिन्यात उन्हातून येऊन बरळायला लागलेल्या माणसाला सावली, ओला कपडा आणि दवाखाना हवा.

मान झटक्याने मोडून घेणं कायमचं बंद करा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. उसण भरल्यावर पायाळू माणसाचा पाय लावून घेणाऱ्यांना बरं वाटतं, कारण उसण बहुतेक वेळा थोड्या दिवसांत आपली आपणच उतरते. पण कण्यावर लाथ घालू देऊ नका. मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापल्या लोखंडाने चटके द्यायची ‘डंबा’ ही रीत आहे. ती जुनी आहे म्हणून बरी ठरत नाही. बाळाला चटका म्हणजे इजा. अंगात बाधा आहे म्हणून एकांतात हात फिरवू पाहणाऱ्या बाबा-बुवांकडे तर घरच्या कोणालाही पाठवू नका. अशा प्रकारांविरुद्ध राज्यात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि पोलिसांत तक्रार करता येते.

हात पुरत नाही तेव्हा

हळू हाताने झोप लागते, मान सुटते, दिवस जरा सोसतो. कर्ज फिटत नाही आणि खरं नैराश्यही जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन रमत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, माणूस ओट्यावर बसायचा बंद झाला असेल, स्वतःला कुचकामी म्हणत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून, त्यांना धीर देऊन डॉक्टरांपर्यंत पोहोचवलं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे विचारणारं कोणी असेल तर लोक मदत घेतात.

मालीशचा इथे एक वेगळाच उपयोग होतो. समोरासमोर बसून न बोलणारा माणूस पाठीवर हात असताना बोलतो, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. त्याने काही सांगायला घेतलं तर उपदेश करू नका, ‘असं बोलू नये’ म्हणून तोंडही बंद करू नका. “आता सुटून जावं वाटते” असं काही निघालं, तर सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येते का?” विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. घरातली फवारणीची औषधं कुलपात टाका किंवा शेजाऱ्याकडे नेऊन ठेवा, किल्ली त्याच्या हाती लागू देऊ नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आजारी माणूसच बोलला पाहिजे असंही नाही. तो तयार नसेल तर बायकोने, भावाने, मित्राने फोन लावून “आमच्या घरी असं असं होऊन रायलं, काय करू?” म्हणून विचारावं, आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याच्यासोबत जावं.